मदत हवी आहे : संगणकीय पदार्थविज्ञानासाठी गणिताचे कोणते विषय घ्यावेत?

नमस्कार. मी धातुशास्त्र अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षात असून पुढे डेन्सिटी फंक्शनल थिअरीवर (इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून पदार्थाचे गुणधर्म गणनेने काढण्याच्या पद्धतीवर) पीएच.डी. करण्याचा विचार आहे. शेवटच्या सत्रात गणिताचे दोनच ऐच्छिक विषय घेता येतात. न्यूमेरिकल लिनिअर अल्जेब्रा जवळजवळ ठरले आहे, कारण या गणनांचा बराचसा वेळ मोठ्या मॅट्रिक्स सोडवण्यात जातो : सिलिकॉनच्या ८ अणूंची गणना लॅपटॉपवर चहा होईपर्यंत संपली, मात्र २१६ अणूंची रात्रभर चालूनही अपुरीच राहिली. अणू दुप्पट झाले की वेळ साधारण आठपट होतो, हे तेव्हा नीट उमगले.

दुसरा विषय ग्रुप थिअरी घ्यावा की आंशिक विकलक समीकरणे, हा पेच आहे. २३० अवकाश-गटांची (स्फटिकांच्या सममितीच्या प्रकारांची) चिन्हे तक्त्यावरून वाचता येतात, पण त्यांमागचे ग्रुप थिअरीचे गणित अजून हाती लागलेले नाही. (फंक्शनल ॲनालिसिस सुचवणारेही भेटले, मला ते तूर्त दूरचे वाटते.) या क्षेत्रातील संशोधकांनी प्रत्यक्षात कशाचा उपयोग झाला आणि काय स्वतःचे स्वतः शिकता आले, हे कृपया सांगावे.