बालकवींचा औदुंबर विरक्त आहे का?

काठावरची :
मुलीला कॉलेजात ‘औदुंबर’ शिकवली. वहीत लिहून आणलंय, ‘औदुंबर म्हणजे संसारातून मन काढून घेतलेला विरक्त पुरुष.’ मला हे अजिबात पटत नाही. आठ ओळींची कविता. झरा, चार घरांचं गाव, शेतमळे, पायवाट, काळा डोह आणि शेवटी ‘पाय टाकुनी जळात बसला असला औदुंबर’. यात वैराग्य कुठून आलं? पाण्यात पाय सोडून कोण बसतं? उन्हातून आलेला माणूस, नाहीतर गुरं राखणारं पोर. माझ्या आजोळी नदीवर उंबर होता. पावसाळा सरला की त्याची मुळं उघडी पडायची, थेट नडगी आणि घोट्यासारखी. फळ टपकन पडलं की मासे वर यायचे. आम्ही त्या मुळांवर बसून पाय सोडायचो, तेव्हा मुळं कुठली नि पाय कुठले ते कळायचं नाही.

पैलतीर :
आठवण सुंदर आहे, अर्थ मात्र मान्य नाही. ती पायवाट कुठे जाते ते बघा ना! हिरव्या कुरणातून निघून काळ्या डोहाकडे. आणि काळिमा ‘गोड’ कोणाला वाटेल? ज्याची भीती सरली आहे त्यालाच. शिवाय यमकाला ‘उंबर’ही चाललं असतं. कवीने दत्ताच्या पादुका आठवाव्यात असं नाव घेतलंय. ‘पारवा’ लिहिणाऱ्या कवीची उदासी इथे नसेलच कशी?

शेतमळा :
पैलतीर, आपण १९१८ वरून मागे वाचत नाही ना? भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली बालकवी गेले, अवघे २७ वर्षांचे. त्या अपघाताची सावली या डोहावर टाकू नये असं मला मनापासून वाटतं.
आणि माणूसपण एकट्या झाडाला कुठे दिलंय? शेतांची चक्क ‘गरदी’ झालीय, बाजारात व्हावी तशी. झरा वाहतो, पायवाट चालते. एकटा औदुंबर तेवढा बसलाय.

काठावरची :
हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. सगळ्या चालत्या गोष्टींत एक बसलेला! पण म्हणून तो विरक्त होत नाही. गाव, शेतं, वाट हे सगळं कवितेत त्याच्याआधी येतं. मग ‘असला’ म्हणजे हे सगळं डोळ्यांसमोर असलेला. पाठ फिरवून बसलेल्याला कवी असं बोट दाखवून दाखवेल का?

पैलतीर :
‘असला’वर तुम्ही मला अडवलंत, हे कबूल. ‘विरक्त’ शब्द मी सोडतो. पण दमून टेकलेला माणूसही तो नाही. तुम्ही पोरं दिवेलागणीला पाय पुसून घरी जायचात. तो उंबर गेला का कधी?