पाळीआधीचे दिवस आणि सिगारेटची तलफ

पाटी_कोरी:
सिगारेट सोडून सात महिने झाले. त्याआधी अकरा वर्षं, दिवसाला बारा-पंधरा. सात महिन्यांत दोनदा घसरले. पहिल्यांदा बॉसशी वाजलं होतं. दुसऱ्यांदा काहीच नव्हतं, गॅलरीत उभी होते, इतकंच. परवा कॅलेंडर चाळताना लक्षात आलं, दोन्ही वेळा पाळी दोन-तीन दिवसांवर होती. एरवी तोच बॉस, तीच बोलणी, मी कानाआड करते. त्या दिवसांत मात्र हात आपोआप पर्स चाचपतो. नवरा म्हणतो, 'निमित्त शोधतेस.' खरंच निमित्त आहे, की शरीरात काही घडतं? कुणाला असा अनुभव?

निर्धार_६२:
मी एका दिवसात सोडली, परत शिवलो नाही. पाळीचं कारण पुढे केलं की दर महिन्याला सूट घ्यायची सवय लागेल. राग नसावा.

रात्रपाळी:
निर्धारकाका, अभिनंदन. पण तुमच्या अंगात दर महिन्याला प्रोजेस्टेरॉन नावाचं हार्मोन चढून कोसळत नाही!

पाटी, मी चौदा वर्षं व्यसनमुक्ती वॉर्डात नर्स आहे. निमित्त नाही हे. बीज सुटल्यावर प्रोजेस्टेरॉन वाढतं आणि त्यापासून शरीर अ‍ॅलोप्रेग्ननोलोन नावाचं द्रव्य बनवतं. ते मेंदूतल्या गाबा-ए रिसेप्टरवर काम करतं, म्हणजे दारू आणि झोपेच्या बऱ्याच गोळ्या जिथे काम करतात तिथेच. शरीराचं घरचंच शामक म्हण. पाळी जवळ आली की ते ओसरतं. बॉस तोच असतो, पण त्याच्या आणि तुझ्यामधली उशी कुणीतरी काढून घेतलेली असते. कोकेनचं व्यसन असलेल्या स्त्रियांवर प्रयोग झालेत. प्रोजेस्टेरॉन जास्त असताना ताणामुळे उठणारी तलफ कमी दिसली.

इस्ट्रोजेन या दुसऱ्या हार्मोनची तऱ्हा उलटी. ते डोपामिनला, म्हणजे मेंदूतल्या हवंहवंसं वाटायला लावणाऱ्या द्रव्याला, जोर देतं, नशेची गोडी वाढवतं. त्यामुळे काहीजणींना तलफ महिन्याच्या मध्यावर येते, आणि ती चिडचिडीची नसते, मजेची असते. सिगारेटच्या बाबतीत सगळ्या अभ्यासांचा सूर एक नाही, म्हणून पुस्तकापेक्षा तुझं कॅलेंडर खरं मान.

अजून एक. गर्भनिरोधक गोळ्या घेतेस का? इस्ट्रोजेनच्या गोळ्यांवर निकोटिन शरीरातून लवकर निघून जातं, सिगारेट सोडताना कातडीवर लावायचा निकोटिनचा पॅच अपुरा वाटू शकतो. आणि पस्तिशीनंतर सिगारेट चालू असेल तर त्या गोळ्या नकोतच, रक्ताच्या गाठींचा धोका असतो. डॉक्टरांना दोन्ही गोष्टी एकदम सांग. आम्ही बायका एक सांगतो, एक गिळतो.

(फार वर्षं प्राण्यांवरचे असे प्रयोग बहुतेक नर उंदरांवर व्हायचे. मादीचं चक्र म्हणजे आकडेवारीतली कटकट! अमेरिकेच्या एनआयएचने, म्हणजे आरोग्य संशोधनाला पैसे देणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने, २०१६ पासून नियम लागू केला, तेव्हा कुठे दोन्ही लिंगांचा विचार करायला भाग पडलं.)

दुसरा_डाव:
माझी दारू. गरोदरपणात एक थेंब नाही, आणि मला वाटलं सुटली. बाळ तीन आठवड्यांचं असताना पहाटे चारला मी बाटली शोधत होते. नऊ महिने चढलेलं प्रोजेस्टेरॉन बाळंतपणानंतर काही दिवसांत खाली येतं, वर झोप नाही, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर आईला त्या रात्री खोलीत झोपायला बोलावलं असतं. नवऱ्याला म्हणावं, शोधू दे तिला. निमित्त सापडलं की त्याची तारीख लिहून ठेवता येते.

पाटी_कोरी:
आभार. ताई, गोळ्या घेत नाही. सोडल्यावर दोन महिने पॅच लावले होते. परत काही हवं का, ते शनिवारी डॉक्टरांना विचारते. कॅलेंडरवर २१ ते २५ ला गोल केलाय. त्या दिवसांत गॅलरी बंद, संध्याकाळी बहिणीला फोन. बॉसबरोबरची मीटिंग २४ ला होती, ती २८ वर ढकलली. त्याला कारण सांगितलेलं नाही.