‘एजन्सी’ म्हणजे साधन, मध्यस्थ की कर्ता? समानार्थी शब्दांच्या यादीवर चर्चा

गिरणाकाठ, जळगाव
स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांच्या हातात एक झेरॉक्स फिरते आहे. त्यात ‘एजन्सी’ला समानार्थी म्हणून मीन्स, मीडियम, इन्स्ट्रुमेंट, व्हेइकल, चॅनल असे शब्द एका ओळीत दिलेत. मुलं ती ओळ घोकतात आणि निबंधात लिहितात की घड ‘थ्रू द एजन्सी ऑफ अ सिकल’ कापला. खापर मुलांवर फोडू नका, दोष त्या यादीचा आहे.

आपलंच वाक्य घ्या. ‘मजुराने विळ्याने घड कापला.’ ‘ने’ दोनदा आला. पहिला कर्त्याचा, दुसरा करणाचा, म्हणजे साधनाचा. पाणिनीनेही दोघांना तृतीयाच दिली, पण त्याआधी कर्ता ‘स्वतंत्र’ आणि करण ‘साधकतम’ (काम साधायला सगळ्यात जास्त उपयोगी पडणारं) अशी दोघांची वेगळी ओळख सांगून ठेवली. इंग्रजीत हेच वाक्य कर्मणी केलं की मजुराला ‘बाय’ लागतो आणि विळ्याला ‘विथ’. ‘एजन्सी’ हा शब्द ‘करणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूतून आलाय, म्हणून तो ज्याच्यात काही घडवून आणायचा जोर आहे त्याच्याशीच शोभतो. वारा, पाणी, मधमाशी, मध्यस्थी करणारा माणूस. परागकण वाऱ्याच्या ‘एजन्सी’ने पसरतात. विळ्याला कसली एजन्सी?

माझं ठाम मत आहे की या याद्या वर्गातून हद्दपार कराव्यात. एक शब्द, त्याचं एक वाक्य, मग पुढचा शब्द.

तापीवाला, भुसावळ
सर, तुम्हनं म्हननं माले पटनं नही. माझ्याकडे येणारी बरीच मुलं जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेली असतात. दिवसा काम, रात्री अभ्यास. पेपरात चार पर्याय असतात आणि प्रश्नाला मिनिटभरही मिळत नाही. तिथे पाणिनी कुठे आठवायचा? यादीमुळे निदान शब्दाची तोंडओळख होते. शब्दकोशातही ‘एजन्सी’खाली ‘मीन्स’ दिलेलाच असतो. आणि खरं सांगायचं तर ‘थ्रू द एजन्सी ऑफ’ आता बोलतं कोण? साधा ‘थ्रू’ पुरतो.

गिरणाकाठ, जळगाव
भाऊ, शब्दकोश वाक्यासकट देतो. यादी नेमकं वाक्यच फाडून टाकते. एकटा ‘मीन्स’ बघा. एकवचनातही शेवटचा ‘स’ जात नाही, ‘अ मीन्स’ असंच म्हणतात. ‘बाय ऑल मीन्स’ म्हणजे अवश्य, ‘बाय नो मीन्स’ म्हणजे मुळीच नाही, आणि ‘मॅन ऑफ मीन्स’ म्हणजे ऐपतदार माणूस. यातल्या एकाही जागी ‘एजन्सी’ बसवून दाखवा. ‘मीडियम’चं अनेकवचन ‘मीडिया’, हेही यादीत नाही. रात्री जागून अभ्यास करणाऱ्या पोराला तर चुकीची ओळ पाठ करायला लावणं जास्त महागात पडतं.

वकील, धुळे
गिरणाकाठ सर, ‘एजन्सी’मध्ये कर्त्याचा जोर असतो हे कायद्याच्या अंगाने बरोबर नाही. भारतीय करार अधिनियम १८७२ चं कलम १८२ बघा. एजंट म्हणजे दुसऱ्यासाठी काम करणारा, किंवा तिसऱ्याशी व्यवहार करताना दुसऱ्याचं प्रतिनिधित्व करणारा. शेतकऱ्याने सांगितल्याप्रमाणे आडत्याने माल विकला की तो व्यवहार शेतकऱ्यावर बंधनकारक होतो. सौदा केला आडत्याने, पण कायद्याच्या नजरेत विकणारा शेतकरी. मराठीत याला ‘मार्फत’ हा नेमका शब्द आहे.

शिवाय संविधानाच्या अनुच्छेद १२ खाली एखादी संस्था ‘राज्य’ ठरते का, हे बघताना सर्वोच्च न्यायालयाने १९७९ च्या विमानतळ प्राधिकरणाच्या खटल्यात ‘इन्स्ट्रुमेंटॅलिटी ऑर एजन्सी’ असे दोन्ही शब्द शेजारी ठेवले. न्यायालयाला ते एकत्र चालतात, तर मुलांनी फारकत का करायची?

समाजशास्त्रवाली, अमळनेर
वकीलसाहेब, तुमचा ‘मार्फत’ आमच्या विषयात अर्थ उलटा करतो. समाजशास्त्रात ‘एजन्सी’ म्हणजे माणसाची स्वतः ठरवून स्वतः वागण्याची ताकद. ‘विमेन्स एजन्सी’ हा शब्द वर्गात आला की मुलींच्या डोळ्यांपुढे आधी गॅस एजन्सी येते, आणि त्या उत्तरात ‘महिलांमार्फत’ असं लिहितात. म्हणजे करणारा कुणी दुसराच आणि बाई नुसती मधली. जो शब्द बाईला कर्ती ठरवायला वापरला, त्यानेच तिला साधन करून टाकलं. हे मला फार लागतं.

सातपुडा, नंदुरबार
ताई, आमच्याकडे या शब्दाला जुना इतिहास आहे. १८२५ साली, एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर असताना, कंपनी सरकारने खानदेशात भिल्ल एजन्सी काढल्या. कंपनीचा लष्करी अधिकारी आउट्रम याने भिल्ल पलटण उभी केली तीही त्याच साली, आणि धरणगाव हे तिचं ठाणं. त्या ‘एजन्सी’त एजंट कोण? कंपनीचा गोरा अधिकारी. भिल्लांवर अंमल बसवायचं ते साधन होतं. आज शोधनिबंधांत ‘आदिवासींची एजन्सी’ असं लिहितात तेव्हा करणारा आदिवासी स्वतः असतो. शब्द तोच, माणूस नेमका पलीकडच्या बाजूला. आमच्या मुलांना हा दुसरा अर्थ आधी शिकवा. मी त्याला ‘कर्तेपण’ म्हणतो.

वकील, धुळे
‘कर्तेपण’ला माझी हरकत आहे. एकत्र हिंदू कुटुंबाच्या कायद्यात ‘कर्ता’ म्हणजे कुटुंबप्रमुख. तोच शब्द बाईच्या किंवा आदिवासीच्या हक्काला लावला तर गोंधळ वाढेल.

समाजशास्त्रवाली, अमळनेर
‘कर्ता’ शब्द कुटुंबप्रमुखाच्या मालकीचा नाही, वकीलसाहेब. व्याकरणात तो सगळ्यांचा आहे. मी ‘कर्तेपण’च वापरणार.

गिरणाकाठ, जळगाव
वकीलसाहेब, आडत्याचा मुद्दा मान्य, कायद्यात अर्थ तसाच आहे. पण आडत्या म्हणजे विळा नव्हे. तो भाव बोलतो, घासाघीस करतो, म्हणून तर तो एजंट. आणि न्यायालयाचा प्रश्न तरी काय होता? संस्थेच्या आडून प्रत्यक्षात सरकारच काम करतंय का, म्हणजे करणारा कोण, हाच.

तापीवाले भाऊ, तुमच्या मुलांसाठी एक प्रश्न. मित्राने मध्यस्थी केली आणि अडकलेले पैसे परत मिळाले. ‘थ्रू द एजन्सी ऑफ अ फ्रेंड’ म्हटलं तर मध्यस्थी कळते. ‘थ्रू द मीन्स ऑफ अ फ्रेंड’ म्हटलं तर मित्राच्या खिशातले पैसे वापरले असं वाटू शकतं. यादीप्रमाणे दोन्ही बरोबर. मुलाने कोणता पर्याय निवडायचा?

तापीवाला, भुसावळ
हे वाक्य उद्या फळ्यावर लिहितो. विळ्याचंही लिहितो. पण यादी फाडणार नाही सर. ज्या पोराने हे शब्द आयुष्यात पहिल्यांदा बघितलेत, त्याला सुरुवात कुठून तरी करावीच लागते.