उतरलेले वजन पुन्हा का चढते? दोष माणसाचा की पथ्याच्या कल्पनेचा?

नीरा (धागाकर्ती)

माझ्या कपाटात एक मोरपंखी ब्लाउज आहे. शिवताना शिंप्याने आत भरपूर माया ठेवली होती आणि त्या मायेवर आज उसवलेल्या शिवणींच्या खुणा एकीशेजारी एक दिसतात. २०१२ साली मी ७८ किलोंवरून ६६ वर आले तेव्हा तो आत घेतला आणि दोन वर्षांनी उसवला, २०१८ मध्ये ८१ वरून ६९ झाले तेव्हा पुन्हा घेतला आणि टाळेबंदीत पुन्हा उसवला, २०२३ मध्ये ८४ वरून ७३ पर्यंत उतरले तेव्हा शिंपी म्हणाला, "वहिनी, या वेळी नुसता कच्चा टाका घालून देतो." तो सरळ मनानेच बोलला, पण मला ते फार लागले. आज काटा ७९ दाखवतो. म्हणजे तीन खेपांत मिळून मी ३५ किलो उतरवले आणि जिथून निघाले त्याच्या एक किलो पुढे उभी आहे.

दर वेळी मला एकच कारण ऐकवले गेले, की मनाचा निग्रह कमी पडतो. हे मला मान्य नाही. जी बाई सात महिने पहाटे पाच वाजता उठून चालायला जाते, होळीला घरच्यांसाठी पुरणपोळ्या लाटून स्वतः भाकरी आणि कटाची आमटी खाऊन उठते, तिला निग्रह नाही असे म्हणणाऱ्याने हे एकदा स्वतः करून पाहावे. निग्रह होता, पण शरीर त्याच्या विरुद्ध दिशेने ओढत होते आणि त्याची कल्पना मला कोणीही दिली नव्हती.

१९४४-४५ साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवले होते. धडधाकट मुले ती, पण दिवसरात्र अन्नाचाच विचार करू लागली आणि काही जण तर पाककृतींची पुस्तके जमवू लागले. पोटभर खायची मोकळीक मिळाल्यावरही त्यांची भूक लवकर शमली नाही आणि अनेकांच्या अंगावर पूर्वीपेक्षा जास्त चरबी चढली. २०११ साली ऑस्ट्रेलियात ५० जणांवर झालेल्या अभ्यासात दहा आठवड्यांच्या कडक आहारानंतर वर्ष उलटले तरी भूक वाढवणारे ग्रेलिन चढेच आणि पोट भरल्याचा निरोप देणारे लेप्टिन उतरलेलेच आढळले. २०१६ साली केविन हॉल आणि सहकाऱ्यांनी वजन उतरवण्याच्या एका अमेरिकी दूरचित्रवाणी स्पर्धेतील १४ स्पर्धकांना सहा वर्षांनी पुन्हा तपासले, तेव्हा बहुतेकांचे वजन बरेचसे परत आले होते आणि विश्रांतीच्या अवस्थेत त्यांचे शरीर त्या वजनाच्या माणसाकडून अपेक्षित असते त्यापेक्षा रोज सुमारे ५०० उष्मांक कमी खर्च करत होते.

आपल्याकडे पथ्य हा शब्द आजारपणातून आला आहे. कावीळ झाली, तेल-तूप बंद. कावीळ गेली, पथ्य सुटले. डाएटही आपण असेच पाळतो आणि एके दिवशी सोडतो. आहारतज्ज्ञ तीन महिन्यांचा तक्ता हाती देतात, पण चौथ्या महिन्याचे पान त्यात कधीच नसते. म्हणून माझे मत असे आहे की ज्यांच्याकडे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची योजना नाही, त्यांनी लोकांना डाएटवर ठेवूच नये. त्यापेक्षा आहे ते वजन वाढू न देणे बरे.

सह्यवाट

नीराताई, तुमचे कष्ट खरे आहेत आणि हे अभ्यासही खरे आहेत, पण त्यांतून तुम्ही काढलेला निष्कर्ष मला घातक वाटतो. "शरीरच विरोधात आहे" हे वाक्य एकदा मनात बसले की माणूस पानावर बसतानाच हरलेला असतो.

मी ५२ वर्षांचा आहे. नऊ वर्षांपूर्वी ९४ किलोंचा होतो, आज ७७ आहे आणि मधल्या काळात ८० च्या वर गेलेलो नाही. माझ्यासारख्यांची नोंद ठेवणारा एक उपक्रम अमेरिकेत १९९४ पासून चालू आहे. किमान १३.६ किलो उतरवून वर्षभर टिकवलेल्यांनाच त्यात घेतात आणि अशा १०,००० हून अधिक लोकांची नोंद तिथे झाली आहे. त्यांतील बहुतेक जण रोज तासभराच्या आसपास हालचाल करतात आणि आठवड्यातून एकदा तरी वजन करतात. मी हे वाचले त्याआधीपासून तेच करत होतो. दर शनिवारी सकाळी तोंड धुतल्यावर काटा, आणि आकडा वहीत. दोन किलो वाढले की त्याच आठवड्यात रात्रीचा भात बंद आणि चहातली साखर बंद. दहा किलो वाढेपर्यंत वाट पाहायची आणि मग गुढीपाडव्याला संकल्प सोडायचा, हेच आपले चुकते.

दुसरे म्हणजे आपण मोजत नाही. "मी तर दोनच पोळ्या खाते" असे सगळेच सांगतात, पण भाजीवर तरंगणाऱ्या तेलाबद्दल कोणी बोलत नाही. आमच्या चौघांच्या घरात महिन्याला पाच लिटर तेल लागायचे. ते माणशी रोजचे ३८ ग्रॅम होते, म्हणजे सुमारे ३४० उष्मांक तेलातूनच. आता तीन लिटरमध्ये महिना निघतो आणि माणशी २३ ग्रॅम पडते. एवढ्या एका बदलाने रोजचे १३५ उष्मांक कमी झाले आणि कोणाची भाकरीही कमी झाली नाही. शेंगदाण्याच्या कुटाचेही तसेच आहे. मूठभर कूट म्हणजे शंभराच्या वर उष्मांक, आणि आपण तो काकडीच्या कोशिंबिरीत घालून वर "मी सॅलड खाल्ले" म्हणतो.

ओसरी

सह्यवाट दादा, तुमच्या घरात तेल मोजून कोण घालते, हे आधी सांगा.

आमच्या घरात सहा माणसे आहेत. सासऱ्यांना भाजीला तवंग लागतो, मुलांना रोज काहीतरी तळलेले हवे असते, नवऱ्याला पानात भात दिसला नाही तर जेवल्यासारखे वाटत नाही. या सगळ्यांचे करून झाल्यावर माझ्यासाठी वेगळी दुधी शिजवायला अंगात त्राण उरत नाही आणि पातेल्यात उरलेले दोन घास टाकवत नाहीत, म्हणून तेही माझ्याच पोटात जातात. बाईचे वजन वाढले की तिच्या जिभेला दोष देतात, पण तिच्या पानात काय पडावे हे ठरवायला तिला कोणी विचारलेले नसते. नीराताईंचे म्हणणे मला यासाठी पटते. जे पथ्य एकट्या माणसाला पाळायला सांगतात, ते एकत्र जेवणाऱ्या घरात टिकणारच नाही.

सह्यवाट

प्रश्न रास्त आहे. सुरुवातीची दोन वर्षे ते मोजमाप माझी बायकोच करत होती आणि श्रेय मात्र मी घेत होतो, हे मी मान्य करतो. टाळेबंदीत सकाळची भाजी मी करू लागलो, ती आजही मीच करतो. तरीही एक सांगतो: घर बदलत नाही म्हणून आपले पान बदलता येत नाही, असे होत नाही. तवंग सासऱ्यांना हवा असेल तर त्यांच्या वाटीवर वेगळी फोडणी ओता. सगळी कढई त्यासाठी तेलात बुडवायची गरज नाही.

पाटीपेन्सिल

मोजमापाचा हा सगळा खटाटोपच टिकत नाही, असा माझा अनुभव आहे. मी लातूरचा आहे. आमच्याकडे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची पद्धत घरोघरी पोहोचली आहे, तिचे मूळ दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारांत आहे. दिवसातून दोनदाच जेवायचे, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवायचे आणि मधल्या वेळेत काही तोंडात टाकायचे नाही. याच्या अगदी उलट, ऋजुता दिवेकर यांचा दर दोन तासांनी थोडे थोडे खाण्याचा सल्लाही महाराष्ट्रात गाजला. पण भुसार दुकानावर बसणाऱ्या माझ्यासारख्याला दोन तासांनी डबे उघडणे कसे जमावे? दोनदा जेवण हा नियम शेंबड्या पोरालाही कळतो. मी सहा वर्षे पाळतो आहे, अकरा किलो उतरले ते तसेच आहेत. आमच्या आईचे मात्र उपवासांनीच वजन वाढले, कारण साबुदाण्याची खिचडी, वऱ्या, दाण्याची आमटी आणि रात्री बटाट्याचा कीस. एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण उगाच पडलेली नाही. नियम सोपा असेल तर माणूस टिकतो, एवढेच माझे म्हणणे आहे.

नाडीपरीक्षा

मी तालुक्याच्या गावी २२ वर्षे दवाखाना चालवतो आहे आणि मला इथल्या दोन्ही टोकांशी थोडे भांडायचे आहे.

आधी सह्यवाट यांच्याशी. तुम्ही टिकवलेत त्याचे कौतुकच आहे, परंतु तुम्ही सांगितलेल्या नोंदवहीत यशस्वी झालेलेच लोक आहेत. किती जणांनी प्रयत्न केला आणि किती जणांना जमले नाही, हे त्यावरून कळू शकत नाही. लठ्ठपणा हा पुन्हा पुन्हा उलटणारा आजार आहे. रक्तदाबाची गोळी बंद केल्यावर दाब वाढला तर आपण रुग्णाला आळशी म्हणत नाही. २०२५ पासून आपल्याकडे वजनासाठी आठवड्याला एकदा टोचण्याची नवी इंजेक्शने मिळू लागली आहेत. त्यांतील सेमाग्लुटाइडच्या चाचणीत औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत आला. औषध घेणाऱ्याच्या बाबतीत जर असे घडत असेल, तर आहार सोडणाऱ्याला चारित्र्याचा उपदेश कशासाठी करायचा? माझ्याकडे असे रुग्ण आहेत जे वजन वाढले म्हणून ओरडा बसेल या भीतीने साखर तपासायलाच येत नाहीत, आणि थेट पायाची जखम घेऊन येतात.

आता नीराताई. "डाएटवर ठेवूच नये" हे मला मान्य नाही. ब्रिटनमध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत वजन उतरवण्याच्या कार्यक्रमात घेतलेल्या मधुमेहींपैकी ४६ टक्के लोकांचा मधुमेह वर्षभरानंतर औषधांशिवाय आटोक्यात होता. दोन वर्षांनी ते प्रमाण ३६ टक्क्यांवर आले. त्या दहा टक्क्यांची घट तुम्हाला निराश करील, पण मला उरलेले ३६ टक्के दिसतात. शिवाय आपल्या लोकांचा प्रश्न वेगळा आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी युडकिन यांचे २००४ साली प्रसिद्ध झालेले छायाचित्र मी दवाखान्यात लावले आहे. उंचीच्या प्रमाणात दोघांचे वजन अगदी सारखे, निर्देशांक २२.३, पण अंगातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. अंगाने किरकोळ दिसणारा आपला माणूसही आतून चरबी बाळगून असतो. त्यामुळे "आहे ते वजन राहू द्या" हा सल्ला मी डोळे मिटून देऊ शकत नाही. पुरुषाची कंबर ९० सेंटीमीटरच्या आणि बाईची ८० च्या आत आहे का, ते टेपने पाहा, साखर आणि रक्तदाब पाहा, आणि मगच ठरवा. अनेकांना सहा-सात किलो उतरवून ते टिकवले तरी खूप फायदा होतो. पंधरा किलोंचे स्वप्न पाहण्याची प्रत्येकाला गरज नसते.

जाईजुई

मला या चर्चेत एक गोष्ट सुटलेली वाटते. मी २९ वर्षांची आहे, माझी साखर, दाब, कंबर सगळे ठीक आहे, तरीही प्रत्येक लग्नात कोणीतरी मावशी दंडाला धरून "सुटलीस की गं" म्हणते आणि त्या रात्री मी उपाशी झोपते. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी दुप्पट खाते. माझ्या बाबतीत तरी वजन वाढवण्याचे काम या वाक्याने जेवढे केले आहे, तेवढे कोणत्याही पदार्थाने केलेले नाही. कृपया आपल्या घरातल्या मुलींना हे म्हणू नका.

नीरा (धागाकर्ती)

डॉक्टर, तुमचा प्रतिसाद वाचून मी टेप काढली. कंबर ९४ भरली. साखर मागच्या वर्षी सीमेवर होती, हे मी मूळ लेखात लिहिले नाही, लिहायला हवे होते. तेव्हा "ठेवूच नये" हे माझे विधान मी मागे घेते. पण चौथ्या महिन्याचे पान नसलेला तक्ता देऊ नये, या मतावर मी ठाम आहे आणि ओसरीचा प्रतिसाद त्यालाच बळ देतो.

सह्यवाट दादा, मला या वेळी एक वेगळा प्रयोग करायचा आहे. पुढचे वर्षभर एकही किलो उतरवण्याचा प्रयत्न करायचा नाही, फक्त ७९ च्या वर जाऊ द्यायचे नाही, कारण टिकवण्याचा सराव मला आयुष्यात कधीच मिळालेला नाही. तेल आजपासून मोजणार आहे. आमच्या तिघांत महिन्याला चार लिटर लागते, म्हणजे माणशी चाळीस ग्रॅमच्या आसपास. तुमच्या पाच लिटरांपेक्षा जास्तच निघाले, आणि मी मात्र इतकी वर्षे भाताला दोष देत होते.

सह्यवाट

कंबर ९४ आणि साखर सीमेवर असताना वर्षभर ७९ वर थांबणे मला पटत नाही, आणि मला वाटते डॉक्टरांनाही पटणार नाही. निदान चार किलो उतरवा, मग हवा तेवढा सराव करा. तेलाचे मात्र आजच सुरू करा. पिशवी फोडलीत की तिच्यावर तारीख लिहा, आणि ती रिकामी होईल त्या दिवशी दुसरी तारीख इथे कळवा.