यट्रियमच्या खाली कोण: लॅन्थनम की ल्युटेशियम?

कक्षक (मूळ धागा)
आवर्तसारणीच्या तिसऱ्या गणात (उभ्या स्तंभात) स्कँडियम, यट्रियम इथपर्यंत वाद नाही. त्याखाली मात्र कुणी लॅन्थनम (अणुअंक 57) छापतं, कुणी ल्युटेशियम (71). माझं मत ठाम आहे: ल्युटेशियम. त्याचं 4एफ उपकवच (अणूतला इलेक्ट्रॉनांचा एक कप्पा) 14 इलेक्ट्रॉनांनी पूर्ण भरलेलं, वर 5डीत एक, 6एसमध्ये दोन. एफचा हिशेब मिटला, डीचा सुरू झाला. रसायनशास्त्रज्ञ जेन्सन यांनी 1982 मध्ये हीच बाजू मांडली होती आणि आययुपॅक या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या 2021 च्या तात्पुरत्या अहवालाचा कलही इकडेच आहे.

मोनाझाइट
अहो, लॅन्थनमच्याही 5डीत एक आणि 6एसमध्ये दोनच आहेत की! वर 4एफ साफ रिकामं. ल्युटेशियम इथे आणलंत की लॅन्थनम एफ-खंडात, म्हणजे एफ उपकवच भरत जाणाऱ्या मूलद्रव्यांच्या पट्ट्यात जातं. ज्याच्याकडे एफ इलेक्ट्रॉनच नाही, त्याला त्या खंडाचं पहिलं घर कसं देता?

कक्षक
थोरियमला एफ-खंडात घर दिलंच आहे ना? त्याच्याही 5एफमध्ये काही नाही.

धातुवेडा
संरूपण (इलेक्ट्रॉनांची मांडणी) बाजूला ठेवून धातू हातात घेऊन बघा. लॅन्थनमचा ताजा कापलेला चकचकीत पृष्ठभाग हवेत लवकरच काळवंडतो, पुढे पांढरी भुकटी सुटू लागते. यट्रियम आणि ल्युटेशियम त्यामानाने बरेच टिकतात. यट्रियम सुमारे 1525 अंश सेल्सिअसला वितळतं, ल्युटेशियम सुमारे 1660 ला, लॅन्थनम जेमतेम 920 ला! त्रिभारित (+3) आयनाची त्रिज्या यट्रियमची 90 पिकोमीटर, ल्युटेशियमची 86, लॅन्थनमची 103. झेनोटाइम खनिजात यट्रियमच्या सोबतीला जड दुर्मिळ मृदा धातूच (ल्युटेशियमच्या बाजूचे) जास्त सापडतात, ते याच आकारामुळे.

मोनाझाइट
त्रिज्येचा मुद्दा तर माझ्या बाजूचा आहे. शेजारच्या गणात कॅल्शियम, स्ट्रॉन्शियम, बेरियम असं खाली जावं तसा आकार वाढतो, ऑक्साइडची आम्लारिधर्मिता वाढते. स्कँडियम, यट्रियम, लॅन्थनम, ॲक्टिनियम ही रांग तशीच चढत जाते. ल्युटेशियम घातलंत की ती मोडते.

कक्षक
आम्लारिधर्मितेचं पटलं. पण दुसऱ्या शेजाऱ्याकडेही बघा: झिर्कोनियम आणि हॅफ्नियम आकाराने जवळजवळ सारखे, कारण मधल्या 14 मूलद्रव्यांत अणू आकसत गेला. हॅफ्नियम 72 वं, त्याच्या लगेच आधी 71. तिथे 57 बसवलंत तर डी-खंडाची एकच ओळ दोन तुकड्यांत फुटते, एक अलीकडे आणि नऊ पलीकडे. असं दुसऱ्या कुठल्याच खंडात होत नाही.

मोनाझाइट
आणि लॉरेन्सियम (103)? गणितानुसार त्याचा शेवटचा इलेक्ट्रॉन 6डीत नाही, 7पीत जातो. तुमच्या रांगेत तेच तळाशी आहे.

कक्षक
जातो, सापेक्षतेच्या परिणामामुळे (इतक्या जड अणूत इलेक्ट्रॉन फार वेगवान असतात). तरी द्रावणात ते त्रिभारितच राहतं आणि 5एफ भरलेलंच असतं. माझी रांग तिथेही टिकते.