मदत हवी आहे: शाळेतली जुनी रायफल ओळखायची आहे, लाकडावर तांब्याची तार गुंडाळलेली आहे

नमस्कार मंडळी,

मी सातारा जिल्ह्यातल्या एका हायस्कूलमध्ये इतिहास शिकवते. आमच्या सभागृहात काचेच्या कपाटात एक जुनी रायफल आहे. खंडेनवमीला कपाट उघडतं, हळदकुंकू आणि झेंडूची फुलं वाहिली जातात. एरवी कपाटाला कुलूप असतं आणि किल्ली मुख्याध्यापकांकडे.

पहिल्या महायुद्धात बसऱ्याला (आजच्या इराकमध्ये) गेलेल्या आमच्या गावच्या शिपायाने ही रायफल परत येताना सोबत आणली, असं गावात सगळे सांगतात. चावडीच्या भिंतीत संगमरवरी पाटी आहे, तशी आपल्याकडच्या बऱ्याच गावांत असते: या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात इतके जण गेले, त्यांतल्या इतक्यांनी प्राण दिले. नाव एकाचंही नाही, फक्त आकडे. त्यामुळे लोकांनी ती पाटी आणि ही रायफल मनातल्या मनात एकमेकांना जोडली असावीत.

शाळेच्या प्रदर्शनासाठी मला कपाटाखाली माहितीची पाटी लावायची आहे. मुलं ती वाचणार, वहीत उतरवून घेणार. म्हणून तिच्यावर खरं असेल तेवढंच लिहायचं आहे.

हात न लावता, टॉर्चच्या उजेडात जे दिसलं ते सांगते. लांबी साधारण पावणेचार फूट. लाकूड जवळजवळ नळीच्या टोकापर्यंत जातं. पुढे बोथट लोखंडी टोपण, नळी त्याच्या बाहेर डोकावत नाही, आणि नळीच्या खाली एक लहान गोल खुंटी. बोल्ट उजवीकडे, दांडा खाली वळलेला. घोड्याच्या पुढे पत्र्याचं मॅगझिन. बोल्टच्या मागे, जिथे दस्ता सुरू होतो तिथल्या लोखंडावर उजव्या बाजूला मुकुट, त्याखाली इंग्रजीत जी.आर.आय., मग ईशापूर, १९४२, आणि शेवटी नंबर १ मार्क ३ आणि एक चांदणी. पुढच्या लाकडावर वीतभर लांबीची तांब्याची तार एकाला एक लागून गुंडाळली आहे आणि वरून डाख दिलेला आहे. कोणी म्हणतं लाकूड फुटलं म्हणून बांधलं, कोणी म्हणतं शोभेसाठी. दस्त्यावर पांढऱ्या रंगाचा पुसट पट्टाही आहे.

ही नक्की कुठली रायफल? तार कशासाठी? १९४२ हे बनावटीचं साल की दुरुस्तीचं? आणि शाळेत अशी वस्तू ठेवणं कायद्याने चालतं का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं.

आर्मरर_निवृत्त:

मॅडम, हात लावला नाहीत हे उत्तम केलंत. पुढेही कोणालाच लावू देऊ नका. जुनं हत्यार रिकामंच असणार असं कधी धरून चालायचं नाही, ते रिकामं आहे का हे जाणत्या माणसानेच बघायचं.

तुम्ही इतकं नीट लिहिलंय की फोटोची गरजच पडली नाही. ही आपली थ्री-नॉट-थ्री. पूर्ण नाव शॉर्ट मॅगझिन ली-एनफिल्ड. बोल्ट आणि मॅगझिनची रचना जेम्स पॅरिस ली यांची, नळीतल्या आट्यांचा नमुना इंग्लंडच्या एनफिल्ड कारखान्याचा, म्हणून ली-एनफिल्ड. मार्क ३ हा नमुना १९०७ चा. पहिल्या महायुद्धात मागणी वाढली तेव्हा उत्पादन लवकर व्हावं म्हणून काही भाग काढून टाकले. मॅगझिनमधले राउंड अडवून धरणारी कट-ऑफ पट्टी गेली, फार लांबच्या सामुदायिक माऱ्यासाठी बाजूला असलेली साइट गेली. त्या सुटसुटीत नमुन्याला चांदणी मिळाली. तुमची तीच, मार्क ३ स्टार. मॅगझिनमध्ये दहा राउंड, पाच-पाचच्या दोन क्लिपांनी भरायचे. वजन चार किलोच्या आसपास.

बोथट नाक ही हिची पक्की खूण. पुढे आलेल्या नंबर ४ रायफलीत नळीचं टोक लाकडाच्या बाहेर दिसतं. नळीखालची खुंटी संगीन बसवायला. साध्या रायफलीला १९०७ च्या नमुन्याची संगीन लागायची, पातं १७ इंची. दुसऱ्या महायुद्धात भारतात आखूड, १२ इंची पात्याच्या संगिनी बनल्या.

ईशापूर म्हणजे कोलकात्याच्या उत्तरेला हुगळीकाठचा सरकारी रायफल कारखाना. मुकुट आणि जी.आर.आय. ही इंग्रज राजाची, सम्राट म्हणून असलेली मोहोर. स्वातंत्र्यानंतरच्या रायफलींवर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह येतात. त्या जागेवरचं साल बनावटीचंच असतं. नळी नंतर बदलली असेल तर तिच्यावर वेगळं साल सापडेल. नंबर मात्र जुळवून बघायला सांगा. नळी जिथे बसते तिथल्या लोखंडावर एक नंबर असतो, बोल्टच्या दांड्याच्या मागच्या बाजूला एक. दोन्ही सारखे असतील तर बोल्ट मूळचाच.

आता तार. ती शोभेची नाही आणि फुटलेल्या लाकडाची मलमपट्टीही नाही. ही ग्रेनेड फेकणारी रायफल आहे. नळीच्या टोकाला लोखंडी पेला बसवायचा, त्यात ३६ नंबरचा ग्रेनेड ठेवायचा, गोळी नसलेलं खास काडतूस भरायचं, बट जमिनीला टेकवायचं आणि घोडा ओढायचा. ग्रेनेड शे-दोनशे यार्डांवर जाऊन पडायचा. हाताने तेवढा फेकता येत नाही. पण ग्रेनेडचं वजन पुढे ढकलताना साध्या गोळीपेक्षा फार मोठा धक्का बसतो. नळी फाटली किंवा लाकूड उभं चिरलं तर जवानाचा हात जाईल, म्हणून तार घट्ट गुंडाळून डाख देत. अशा रायफली या कामासाठी वेगळ्या काढून ठेवत आणि अडचणीची वेळ सोडली तर त्यांतून साधी गोळी चालवत नसत. त्यांच्यावर इंग्रजी ई.वाय. अशी अक्षरं ठोकलेली असतात, ती शोधा.

पांढरा पट्टा बघून मला वाटतं ही पुढे ड्रिलसाठी काढली असावी. तशा रायफलीवर डी.पी. (ड्रिल पर्पज) असा ठसा असतो. चेंबरला, म्हणजे काडतूस बसतं त्या भागाला, आरपार भोक पाडतात आणि फायरिंग पिनचं टोक उडवतात, म्हणजे गोळी सुटूच शकत नाही. पट्टा एकटा पुरावा नाही, भोक दिसलं तर खात्री. तुमच्या शाळेत एनसीसी होती का?

वकिली_कट्टा:

ताई, कायद्याचं आधी मार्गी लावा, पाटी नंतर.

.३०३ (थ्री-नॉट-थ्री) हा आपल्याकडे निषिद्ध बोअर, म्हणजे नळीचं निषिद्ध माप आहे. चालू स्थितीतली अशी रायफल संस्थेला किंवा खासगी माणसाला सहजासहजी ठेवता येत नाही. मात्र १९५९ च्या शस्त्र कायद्यात कलम ४५ मध्ये सूट आहे: कालबाह्य बनावटीचं, पुरातन मोलाचं किंवा मोडकळीला आलेलं शस्त्र, जे दुरुस्ती करून किंवा न करता बंदूक म्हणून वापरताच येत नाही, त्याला हा कायदा लागू होत नाही. लोक ‘पुरातन’ एवढाच शब्द धरून बसतात. तुमच्या बाबतीत खरा प्रश्न ‘वापरता येत नाही’ हा आहे, आणि तो तुम्ही किंवा मी ठरवायचा नाही.

मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र पोलीस ठाण्यात द्या. वस्तू किती वर्षं कपाटात आहे, कशी आली याबद्दल शाळेला काय माहीत आहे, ते सरळ लिहा. पोलिसांच्या आर्मररकडून (हत्यारांची देखभाल करणाऱ्या कारागिराकडून) तपासणी मागा आणि अहवालाची प्रत घ्या. पोत्यात घालून स्वतः ठाण्यात घेऊन जाऊ नका, त्यांना शाळेत बोलवा. रायफलीचा नंबर कुठल्याही चर्चेत टाकू नका.

तैग्रिसकाठ:

गावच्या कथेबद्दल लिहितो. हा विषय मला जवळचा आहे.

१९४२ साली बनलेली रायफल १९१८ साली संपलेल्या युद्धातून येणं शक्य नाही. आणि साल जुनं असतं तरी शिपायाला ती घरी आणता आली नसती. रायफल सरकारी मालमत्ता, तिचा नंबर नोंदलेला, पलटणीच्या कोतमध्ये (शस्त्रागारात) जमा व्हायची. हरवली तर कोर्ट मार्शल.

पण म्हणून बसऱ्याची गोष्ट खोटी ठरत नाही. १९१४ च्या नोव्हेंबरात बसऱ्याकडे उतरलेल्या सहाव्या पूना डिव्हिजनमध्ये मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या: १०३ वी मराठा लाइट इन्फंट्री, ११० वी आणि ११७ वी. १९१५ च्या नोव्हेंबरात टेसिफोनची लढाई झाली, तिथून माघार घेऊन फौज कुत-अल-अमारात अडकली. वेढा १४७ दिवस चालला. घोडे-खेचरं मारून खायची वेळ आली, आणि २९ एप्रिल १९१६ ला फौजेने शरणागती पत्करली. त्यानंतर कैदेतल्या वाटचालीत आणि छावण्यांत किती तरी मेले. चावडीवरच्या पाटीतल्या आकड्यांमागे अशी माणसं असू शकतात, आणि त्यांना नावं मिळू शकतात.

महायुद्धांत मेलेल्या सैनिकांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या नोंदी मोफत शोधता येतात. बसरा स्मारकाच्या भिंतींवर हिंदी शिपायांची नावं कोरलीच नाहीत, पलटणीपुढे फक्त संख्या दिली. कमिशनच्या नोंदवहीत मात्र नावं आहेत, आणि पुष्कळ ठिकाणी वडिलांचं नाव, गाव, तालुका आणि जिल्हाही. गावाच्या नावाचं जुनं इंग्रजी स्पेलिंग चार-पाच तऱ्हांनी करून बघा. प्रत्येक नोंदीत आडनाव असेलच असं नाही, तेव्हा शिपायाचं आणि वडिलांचं नावही जुळवून बघा. हे काम नववीच्या मुलांना द्या. रायफल ओळखण्याइतकंच, खरं तर जास्तच, ते मोलाचं आहे.

जुनं_लाकूड:

रायफल साफ करायच्या फंदात पडू नका. पॉलिश पेपर, ब्रासो, लिंबू, चिंच काहीही नको. ठसे उथळ असतात, एकदा घासले की गेले. कुंकू आणि ओली फुलं लोखंडावर राहिली की गंज धरतो, तेव्हा पूजा कपाटाबाहेर, चौकटीला करा. तपासणी झाल्यावर लोखंडावर हलका बंदुकीच्या तेलाचा हात आणि लाकडावर अगदी थोडं कच्चं जवसाचं तेल, मऊ सुती कापडाने. तारेला हात लावायचा नाही, तिच्यावरचा हिरवट थरही राहू द्या.

धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार. लगेच कळवते.

पत्र दिलं, पोलिसांचे आर्मरर शाळेत येऊन गेले. रायफल रिकामी आहे. चेंबरला आरपार भोक आहे आणि फायरिंग पिन कापलेली आहे. बोल्टचा नंबर जुळतो. तारेच्या मागे लाकडावर ई.वाय. ही अक्षरं पुसट का होईना दिसली, आणि दस्त्यावरच्या रंगाखाली डी.पी. सापडलं. लेखी अहवाल यायचा आहे, तोवर कपाट सीलबंद ठेवलंय.

आर्मररकाका, तुमचा अंदाज बरोबर निघाला. शाळेच्या जुन्या कपाटात एनसीसीच्या साहित्याची नोंदवही मिळाली, तिच्यात ड्रिलच्या रायफली आल्याच्या आणि परत गेल्याच्या नोंदी आहेत. ही मागे कशी राहिली ते त्यात नाही. एनसीसी बटालियनच्या कार्यालयाला पत्र पाठवलंय. त्यांनी परत मागितली तर द्यावी लागेल, आणि आम्ही देऊ.

गावातल्या वडीलधाऱ्यांना मी हे स्वतः जाऊन सांगितलं. एका आजोबांना वाईट वाटलं. त्यांना तैग्रिसकाठ यांचा प्रतिसाद वाचून दाखवला, तेव्हा त्यांनी आपल्या चुलत आजोबांचं आणि त्यांच्या वडिलांचं नाव लिहून दिलं, ‘हे शोधा’ म्हणून.

पाटीचा मसुदा असा: “शॉर्ट मॅगझिन ली-एनफिल्ड, नंबर १ मार्क ३ स्टार. ईशापूर, १९४२. नळीच्या टोकावरून ग्रेनेड फेकण्यासाठी लाकडाला तांब्याची तार गुंडाळून मजबूत केलेली. नंतर ड्रिलसाठी निकामी केलेली.” शेजारी वेगळ्या फलकावर बसऱ्याला गेलेल्यांची नावं, जशी सापडतील तशी.

आता एकच विचारायचं आहे. कमिशनच्या नोंदीत पलटण ११७ वी मराठा आहे, गाव आमचंच वाटतं, पण तालुक्याचं नाव वेगळं दिलंय. त्या काळी तालुक्यांच्या हद्दी वेगळ्या होत्या का, आणि हे पडताळायला जुन्या बॉम्बे प्रेसिडेन्सीच्या सातारा गॅझेटियरशिवाय आणखी कुठे बघावं?