गाडी भरताना पेट्या मोजायला कॅमेरा लावलाय का कोणी? (हातखंबा)

हातखंबा_गोडाऊन:
नमस्कार मंडळी. हातखंबा तिठ्याजवळ आमचं छोटं गोडाऊन आहे, आसपासच्या बागायतदारांचा आंबा येतो आणि संध्याकाळी गाडी भरून वाशीला जाते. या एप्रिलात चार वेळा असं झालं की आमच्या वहीत ४२० पेट्या आणि दलालाच्या पट्टीत (त्याच्या हिशोबाच्या कागदात) ४१७, एकदा तर ४१४. ड्रायव्हर म्हणतो वाटेत ताडपत्रीला हात लावला नाही, दलाल म्हणतो उतरल्या तेवढ्या लिहिल्या, आणि बागायतदार अर्थातच आमच्या नावाने बोंब मारतोय.

सध्या माझा मुलगा फाळक्याजवळ उभा राहून पाच-पाचच्या रेघा मारतो, पण मध्येच फोन येतो, कोणी चहा घेऊन येतं, मग काय. दोन साधे कॅमेरे आहेत गोडाऊनला पण तीन तासांचं फुटेज रोज बघत बसणार कोण. आता एकजण म्हणतोय एआयवाला कॅमेरा लावा, आपोआप मोजतो, ९९ टक्के अचूक. कोटेशन बघून जरा घामच फुटला. घ्यावा का?

उरणवाला:
९९ टक्के ऐकायला छान वाटतं. ४२० मागे एक टक्का म्हणजे ४ पेट्या होतात, आणि तुमचं भांडणच मुळी ३ पेट्यांचं आहे! त्याला आधी विचारा की ही अचूकता कुठे मोजली, तुमच्यासारख्या गाडीवर की कारखान्यातल्या पट्ट्यावर जिथे खोके एका मागे एक शिस्तीत येतात.

मी न्हावा शेवा बाजूला कंटेनर यार्डात आहे. आमच्या गेटवर कॅमेरे कंटेनरचा नंबर आपोआप वाचतात आणि ते खरंच चालतं, पण का चालतं ते बघा. प्रत्येक कंटेनरवर मालकाच्या कोडची तीन अक्षरं, मग बहुतेक वेळा यू, मग सहा आकडे आणि शेवटी चौकटीत एक तपासणी आकडा असतो. आधीच्या दहा अक्षर-आकड्यांचं गणित करून तो येतो, म्हणजे कॅमेऱ्याने ३ चा ८ वाचला तर गणित जुळत नाही, मशीनलाच कळतं की आपण चुकलो आणि मग माणूस येऊन बघतो. शिवाय आत येताना-जाताना चारी बाजूंचे फोटो राहतात, पत्रा कुठे चेपला यावरून पूर्वी तासन् तास वाद चालायचे ते बरेच कमी झाले. तुमच्या पेटीवर असा नंबर नसतो, सगळ्या पेट्या दिसायला सारख्याच. त्यामुळे कॅमेरा चुकला तरी त्याला पत्ता लागत नाही.

देवगडचो:
आमच्याकडे गेल्या वर्साक लावललो. हमाल डोक्यार दोन पेटये एकावर एक घेवन येता, क्यामेरो म्हणता एकच. दुसरो हमाल त्याच्या मागसून आडवो गेलो काय परत गोंधळ. शेवटाक मालकान काढून भिंतीर लावल्यान, आता माजर कधी येता तां दिसता.

उरणवाला:
😂 अगदी बरोबर, तोच मुद्दा. हे सॉफ्टवेअर प्रत्येक फ्रेममध्ये पेटी ओळखतं, तिला एक तात्पुरता क्रमांक देतं आणि ती ठरवलेली रेघ ओलांडून गेली की एक वाढवतं. मध्ये माणूस आडवा आला आणि पेटी क्षणभर दिसेनाशी झाली की बाहेर आल्यावर तिला नवा क्रमांक मिळतो, म्हणजे एकाच्या दोन. आणि दोन एकावर एक असल्या तर बाजूने कदाचित दिसतील, पण वरून बघणाऱ्या कॅमेऱ्याला एकच.

म्हणून आधी भरायची पद्धत बदला. गाडीला एकच फळी लावा, फळीवर एका वेळी एक माणूस, आणि कॅमेरा बरोबर त्या फळीच्या डोक्यावर. डोक्यावर एकच पेटी घ्यायची, हमालांना नगावर पैसे असतील तर त्यांचं नुकसान नाही, फेऱ्या मात्र वाढतील, त्याबद्दल आधीच बोलून घ्या नाहीतर उद्या कोणी येणार नाही.

मिरकरवाडा_जेटी:
पैसे टाकायच्या आधी हेही वाचा. आमच्या माशाच्या क्रेटवर नजर ठेवायला जेटीजवळ कॅमेरे लावले होते. खाऱ्या हवेने केबलचे जोड हिरवे पडले, जून-जुलै मासेमारी बंद म्हणून कोणी बघितलं नाही आणि ऑगस्टला चालू करायला गेलो तर दोन मेलेले. रात्री आणखी वेगळी तऱ्हा, इन्फ्रारेडच्या दिव्यावर किडे येतात, किड्यांसाठी कोळी येतो आणि काचेवरच जाळं विणतो, मग अख्खी रात्र पांढरं फडफड. तुम्ही समुद्रापासून आत आहात म्हणून मीठ कमी असेल पण कोळी तर सगळीकडेच. फळीवर चांगला एलईडी लावा, इन्फ्रारेडच्या भरवशावर राहू नका, आणि इन्व्हर्टर पाहिजेच, वीज जाते ती नेमकी गाडी भरताना.

अजून एक, डिस्क बघा. ४ एमबीपीएसचा (म्हणजे सेकंदाला ४ मेगाबिट रेकॉर्ड करणारा) एक कॅमेरा दिवसाला साधारण ४३ जीबी खातो. १ टीबीची डिस्क आणि दोन कॅमेरे असतील तर ११-१२ दिवसांत जुनं पुसलं जातं. पट्टी यायला वेळ लागला तर पुरावा गेला.

हातखंबा_गोडाऊन:
सगळ्यांचे आभार, आणि आता जरा लाज वाटेल असं सांगतो.

कोटेशन बाजूला ठेवलं. आहे त्यातलाच एक कॅमेरा काल काढून फळीच्या वर लावला. त्याआधी सहज म्हणून परवाच्या गाडीचं फुटेज काढलं (तीही ४२० आणि ४१७ वाली), दुप्पट वेगाने बघितलं, मी आणि मिसेस दोघं वेगवेगळे मोजत बसलो. दोघांच्या ४१७!! मग परत बघितलं तेव्हा कळलं, तीन पेट्यांच्या पट्ट्या सुटल्या होत्या म्हणून हमालांनी त्या खाली उतरवल्या, खिळे मारले आणि परत चढवल्या, आणि आमच्या चिरंजीवांनी परत चढताना त्यांची रेघ परत मारली. उतरताना कोणी खोडलीच नाही. दुसऱ्या एका दिवशी पण तसंच निघालं. ४१४ वाल्या दिवसाचं आणि त्याआधीच्या एकाचं फुटेज मात्र पुसलं गेलंय, डिस्क १ टीबीचीच आहे.

बाकी आता खाली उतरलेली पेटी वेगळ्या रंगाच्या खडूने मार्क करतो. आणि गाडी निघण्यापूर्वी ड्रायव्हरला मोबाईलवर फळीचं फुटेज भराभर दाखवून आकड्याखाली त्याची सही घेतो, वाशीला उतरवताना पण कोणीतरी असंच शूट करेल का हे दलालाला विचारलंय, तो अजून हो-नाही करतोय.

पण त्या ड्रायव्हरला मी दोनदा नको ते बोललो होतो. काय तोंडाने फोन करू?

देवगडचो:
फोन कित्याक? एक पेटी घेवन त्याच्या घराक जा. वहीत लिवन ठेव हां, नायतर परत एक कमी येतली.